द्राक्षमांडवापासून घाटाखालपर्यंत : पाण्याच्या मागावर सायकलवाट

निफाड-येवल्याचा पाऊस वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास. बुलढाणा जिल्ह्याचा सातशेच्या वर. एवढेच आकडे हातात असतील, तर हिरवे कोण आणि कोरडे कोण, याचा अंदाज साफ चुकेल. द्राक्षाचे मांडव, निर्यातीची पॅकहाऊस आणि वायनरी आहेत त्या कमी पावसाच्या नाशिक पट्ट्यात. सोयाबीन निघाल्यावर हरभरा पेरण्याइतकी ओल जमिनीत उरली आहे का, हे माती मुठीत दाबून पाहणारा शेतकरी मात्र बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यात, रोहिणखेडच्या शिवारात भेटतो.

या दोन टोकांना जोडणारी एक सायकलवाट आखता येते. नाशिकहून दिंडोरी, पिंपळगाव बसवंत, निफाड, विंचूर, येवला, वैजापूर, छत्रपती संभाजीनगर, सिल्लोड, अजिंठा, बुलढाणा आणि मग घाट उतरून रोहिणखेड. आडवळणे धरून साधारण चारशे किलोमीटर. रोज साठ-सत्तर किलोमीटर चालवणाऱ्याला आठवडा पुरतो. मोटारीतून हाच प्रवास एका दिवसात उरकतो, पण मोटारीतून शेते दिसतात, त्यामागचे पाणी दिसत नाही. सायकलवरून पाट ओलांडताना अंगाला गारवा लागतो. चारी कोरडी असेल तर तळातल्या गाळाला पडलेल्या भेगा दिसतात. विहिरीवरच्या पंपाचा आवाज सोबत येत असतो आणि तो कोणत्या गावानंतर ऐकू येईनासा झाला, हेही लक्षात राहते. महाराष्ट्रातली सुमारे चार-पंचमांश शेती आजही पावसावर आहे, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. त्याचा अर्थ या वाटेवर समजतो.

सुरुवात नाशिकहून करण्याला आणखी एक कारण आहे. या शहराने सायकल मनापासून स्वीकारली आहे. इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या गटात ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पूर्ण केली. २०१७ मध्ये नाशिकशी जोडलेले लष्करी डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने पार केली, आणि त्याच वर्षी नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीही. नाशिकहून पंढरपूरला दरवर्षी सायकलवारी निघते. शेकडो सामान्य माणसे, त्यांत गृहिणी आणि साठी उलटलेले लोकही, लांबचे अंतर सायकलने कापतात. तेव्हा चारशे किलोमीटर हे फक्त खेळाडूंचे काम आहे, असे समजून कोणी घरी बसू नये.

शहर सोडून गंगापूर धरणाच्या दिशेने निघाले की दोन्ही बाजूंना वेली सुरू होतात. राज्यात वाइनचा आधुनिक प्रयोग पहिल्यांदा झाला तो पुणे जिल्ह्यात नारायणगावला. शामराव चौगुले यांच्या इंडेजने १९८० च्या दशकात फ्रेंच जाणकारांच्या मदतीने तिथे फसफसणारी वाइन तयार केली. नाशिकचे नाव झाले ते पुढे. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून परतले, गंगापूर धरणाजवळच्या जमिनीवर आधी आंबा आणि खाण्याची द्राक्षे करून पाहिली, आणि मग कॅलिफोर्नियातले वाइनतज्ज्ञ केरी डॅमस्की यांना सोबत घेऊन वाइनच्या द्राक्षांकडे वळले. सुला व्हिनयार्ड्सची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, नाशिकजवळ विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क उभे राहिले, आणि पाहता पाहता दिंडोरी, इगतपुरी, निफाड या तालुक्यांत वायनरींचे जाळे झाले. ‘शांदों’सारखी फ्रेंच कंपनीही दिंडोरीत आली.

खाण्याचे द्राक्ष आणि वाइनचे द्राक्ष यांतला फरक मांडवाखाली उभे राहिल्यावर लगेच कळतो. खाण्याच्या द्राक्षाला मोठा मणी, पातळ साल आणि लांब घड हवा. त्यासाठी विरळणी करायची, संजीवके द्यायची, पाणी आणि खत मोजून पण भरपूर द्यायचे. वाइनचे द्राक्ष मण्याने लहान, सालीने जाड आणि बियांचे. रंग आणि चव सालीत असते, म्हणून मणी फुगवून चालत नाही. काढणीच्या आधी वेलीला पाण्याचा थोडा ताण दिला की रस घट्ट होतो. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ, शिराझ, काबर्ने सोव्हिन्यों ही नावे इथल्या बागायतदारांच्या तोंडी आता थॉमसन आणि सोनाका इतकीच रुळली आहेत.

युरोपात वेल हिवाळ्यात झोपते. बर्फ वितळला की नवी फूट येते. आपल्याकडे तशी थंडीच नाही, त्यामुळे वेल वर्षभर जागी राहते. तिला वळण लावण्यासाठी बागायतदार वर्षातून दोनदा छाटणी करतो : एप्रिलमध्ये खरड छाटणी, काडी तयार व्हावी म्हणून, आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी, घड यावेत म्हणून. दोन छाटण्या, एक पीक. फळ छाटणीनंतर परतीचा पाऊस रेंगाळला तर डाऊनी हा बुरशीरोग येतो, घड जिरतात, आणि रात्रभर फवारणीचे ट्रॅक्टर फिरतात. फेब्रुवारी-मार्चमधली एक गारपीट वर्षाची कमाई मातीत घालू शकते. ‘वाइन कंट्री’ या शब्दांत जी सुखवस्तू निवांतपणाची छटा आहे, ती पर्यटकासाठी खरी आहे. बागायतदारासाठी हे राज्यातल्या सर्वांत भांडवली आणि सर्वांत जोखमीच्या पिकांपैकी एक आहे. २००८ च्या जागतिक मंदीनंतर मागणी घटली, अनेक वायनरी बंद पडल्या आणि वाइनच्या द्राक्षांचे कित्येक एकर शेतकऱ्यांनी उपटून टाकले. आज जे करार होतात ते अनेक वर्षांच्या मुदतीचे असावेत, असा शेतकऱ्यांचा आग्रह असतो तो त्या अनुभवामुळे.

आता पाण्याकडे. दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाड धरण आहे. पर्यटकांच्या यादीत ते क्वचितच असते, पण या संपूर्ण वाटेवर थांबायला एकच जागा निवडायची झाली, तर ती ही असावी. धरण झाले, कालवा झाला, तरी शेवटच्या टोकाला, ओझरच्या बाजूला, पाणी पोचत नव्हते. वरचे लोक आधी घेत, कालव्याला गळती होती, आणि टेलच्या, म्हणजे टोकाच्या, शेतकऱ्याच्या वाट्याला आवर्तनाच्या, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या, तारखा तेवढ्या येत. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घ्यायचे, पट्टी संस्थेने गोळा करायची, वाटप शेतकऱ्यांनीच ठरवायचे, आणि टोकाच्या शेताला आधी पाणी द्यायचे. पुढे संपूर्ण प्रकल्पावर अशा संस्था झाल्या, त्यांचा संघ झाला. २००५ मध्ये सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपवणारा कायदा राज्याने केला, तेव्हा वाघाडचा अनुभव समोर होता.

याचा द्राक्षांशी संबंध काय? अगदी थेट. द्राक्ष हे वीस वर्षांचे पीक. पुढच्या आवर्तनाला पाणी येईल की नाही याची खात्री नसेल, तर मांडवावर लाखो रुपये कोणी गुंतवत नाही. पाणी किती मिळेल यापेक्षा ते कधी मिळेल हे आधी कळणे, यावर बागायत उभी राहते. ठिबक नंतर येते. कालव्याचे पाणी विहिरीत मुरते, विहिरीचे शेततळ्यात साठते, आणि शेततळ्यातून थेंबाथेंबाने वेलीच्या मुळाशी जाते. वायनरीच्या गच्चीवर बसून गंगापूर धरणाचा सूर्यास्त पाहणाऱ्याने ही साखळी एकदा तरी सायकलवरून फिरून पाहावी. एक गोष्ट मात्र पाळलीच पाहिजे : वाइन चाखायची असेल तर त्या दिवसाची सायकल संपल्यावर, मुक्कामाच्या ठिकाणी. रस्त्यांवर कांद्याच्या ट्रॉल्या आणि द्राक्षांच्या गाड्या असतात, तिथे घोटभर घेऊन हँडल धरणेही धोक्याचे आहे.

निफाडच्या पुढे वाट किंचित वाकडी करून नांदूर-मधमेश्वरला जावे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचा हा बंधारा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. इथून निघालेल्या गोदावरीच्या कालव्यांनी आधी ऊस आणला आणि मग साखर कारखाने. बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, पाणथळ जागा तयार झाली, थंडीत हजारो पक्षी उतरू लागले, आणि जानेवारी २०२० मध्ये राज्यातली पहिली रामसर पाणथळ म्हणून तिची नोंद झाली. त्याच वर्षी दुसरी नोंद झाली ती बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराची. वाटेचे पहिले टोक आणि शेवटचा जिल्हा असे एका यादीत शेजारी बसले आहेत.

लासलगावचा कांदा बाजार, विंचूरचे वाइन पार्क, येवल्याच्या पैठणीचे माग हे सगळे एका दिवसाच्या सायकलिंगमध्ये येते. येवल्यापर्यंत पालखेडचा डावा कालवा सोबत करतो. पण जसजसे पूर्वेला जावे तसतसे आवर्तनांमधले अंतर वाढते आणि शिवारातल्या प्लास्टिकच्या पन्नीने अस्तर केलेल्या शेततळ्यांची संख्याही. शेततळे मूळचे पावसाचे वाहते पाणी अडवण्यासाठी. अनेक ठिकाणी मात्र विहिरी-बोअरचे पाणी उपसून त्यात भरले जाते आणि उन्हाळ्यात त्याची वाफ होते. म्हणजे जमिनीखालचे सर्वांचे पाणी जमिनीवर येऊन एकाचे होते. याबद्दल भूजल अभ्यासकांनी वारंवार इशारे दिले आहेत, आणि ते बरोबर आहेत.

वैजापुरात शिरले की मराठवाडा सुरू होतो आणि पाण्याची भाषा तापते. नांदूर-मधमेश्वरचा जलद कालवा या भागासाठीच खोदला गेला. त्याच गोदावरीवर खाली पैठणला जायकवाडी धरण आहे. वरच्या नाशिक-नगरच्या धरणांनी किती पाणी अडवायचे आणि जायकवाडीसाठी किती सोडायचे, हा वाद न्यायालयापर्यंत गेला. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात समन्यायी वाटपाचे कलम आहे. जायकवाडीत ठरावीक पातळीपेक्षा कमी पाणी असेल तर वरून सोडावे लागते. दर दुष्काळी वर्षी दोन्हीकडे आंदोलने होतात. ज्याने सकाळी दिंडोरीत बहरलेली बाग पाहिली आणि तिसऱ्या दिवशी वैजापूरकडच्या कोरड्या विहिरीत डोकावून पाहिले, त्याला दोन्ही बाजूंचे म्हणणे समजते. दोघांपैकी एकालाच खलनायक ठरवणे त्याला जड जाते.

संभाजीनगरात रात्रीचा मुक्काम करावा आणि सकाळी पाणचक्की पाहावी. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी वसवली तेव्हा डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरींनी शहरात आणले. त्या ‘नहर-ए-अंबरी’चे काही भाग आजही शाबूत आहेत. पंप नाही, वीज नाही, फक्त उताराचा हिशेब.

ज्यांच्याकडे एक-दोन दिवस जादा असतील, त्यांनी इथून जालन्याकडे वळून कडवंची पाहावी. गाव कोरडवाहू प्रदेशातले. मोठे धरण नाही, कालवा नाही. १९९६ च्या सुमारास विजयअण्णा बोराडे आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या पुढाकाराने तिथे पाणलोट विकासाचे काम सुरू झाले. माथ्यावर चर, शेतांना बांधबंदिस्ती, नाल्यांवर बांध, असे वरून खाली टप्प्याटप्प्याने. मग शेततळी आली, ठिबक आले, आणि पडणाऱ्या पावसाच्या जोरावर गावात शेकडो एकर द्राक्षबागा उभ्या राहिल्या. नाशिकला जे धरण आणि कालव्याने साधले, ते कडवंचीने आपल्या शिवारातला पाऊस अडवून साधले. मराठवाडा-विदर्भाच्या सीमेवर, बुलढाणा जिल्ह्याच्या शेजारी हे घडले आहे, हे लक्षात ठेवूनच पुढच्या वाटेला लागावे.

सिल्लोडला हिरव्या मिरचीचा बाजार, मका आणि कापूस. अजिंठा गावापाशी लेण्यांकडे जाणारे पर्यटक खाली फर्दापूरकडे उतरतात. सायकलवाट मात्र डोंगराच्या माथ्यावरूनच पूर्वेला बुलढाण्याकडे जाते. रस्ता चढ-उतारांचा, वाहने तुलनेने कमी, हवा थंड. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे आणि पैनगंगेचा उगमही याच डोंगररांगेत आहे. शहराला पाणी देणारे येळगाव धरण तिच्यावरच. पूर्वेला ज्ञानगंगा अभयारण्य. टिपेश्वरहून निघालेला रेडिओ कॉलर लावलेला तरुण वाघ तीन हजार किलोमीटरच्या आसपास भटकून इथेच येऊन थांबला होता. हा डोंगर माणसांसाठी आणि प्राण्यांसाठी किती जुनी वाट आहे, हे त्याच्या पावलांवरून पुन्हा दिसले.

बुलढाणा जिल्ह्यात माणूस कुठला हे विचारले की उत्तर येते : घाटावरचा किंवा घाटाखालचा. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा. घाटाखाली मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. मुघलांच्या काळातही वऱ्हाडाचे बालाघाट आणि पायनघाट असे दोन भाग मानले जात. रोहिणखेड नेमके घाटाच्या पायथ्याशी आहे, बुलढाण्यापासून बारा-तेरा किलोमीटरवर, आणि त्याचा सगळा इतिहास या जागेतून आला आहे. खानदेश-बुऱ्हाणपूरकडून दख्खनच्या पठारावर चढायचे तर जे मोजके घाट होते, त्यांतला एक इथला.

१४३७ मध्ये खानदेशचा सुलतान नसीर खान वऱ्हाडात घुसला, तेव्हा बहमनी सेनापती खलफ हसन याने त्याला रोहिणखेडपाशी हरवले आणि पाठलाग करत थेट बुऱ्हाणपूर गाठले. दीडशे वर्षांनी, १५९० च्या सुमारास, इथेच दुसरी लढाई झाली. निजामशाहीच्या गादीवर हक्क सांगणारा बुऱ्हाण, खानदेशच्या राजा अली खानाच्या मदतीने आला. समोर होता अहमदनगरची सत्ता हाती असलेला महदवी पंथाचा पुढारी जमाल खान. जमाल खान हरला, मारला गेला, आणि बुऱ्हाण निजामशहा झाला. त्याच महदवी पंथाच्या खुदावंद खानाने १५८२ मध्ये बांधलेली छोटी पण देखणी मशीद गावात उभी आहे. दगडाचे काम इतके नेटके की घाट उतरून दमलेल्या माणसाने तिथे थांबावेच. राज्याच्या पर्यटन नकाशावर हे गाव जवळपास नसल्यासारखे आहे, ही खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे.

गावाबाहेर वावरे सुरू होतात. काळी, भेगाळणारी जमीन. खरिपात सोयाबीन, कापूस, मका, तूर. ओल असली तर रब्बीत हरभरा. जानेवारीत पऱ्हाटी शेवटच्या वेचणीला आलेली असते, तुरीच्या तुराट्या धुऱ्यावर रचलेल्या असतात. विहिरीला पाणी आहे तिथे ओलिताचा गहू किंवा मका हिरवा दिसतो आणि लगतच्या वावरात ढेकळे असतात. द्राक्षबागेसारखी दहा-बारा महिने चालणारी मजुरी इथे नाही, म्हणून घाटाखालची कुटुंबे हंगाम संपला की बाहेर कामाला जातात. २००६ मध्ये केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ मध्ये सिंचनाचा प्रादेशिक अनुशेष मोजून दाखवला, त्यालाही चार दशके झाली. अमरावती विभागातल्या जिल्ह्यांचा अनुशेष हा विषय विधिमंडळात अजून निघतोच.

मोताळा तालुक्यातच नळगंगा धरण आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वैनगंगा–नळगंगा नदीजोड प्रकल्पाला मान्यता दिली, तेव्हापासून या धरणाचे नाव सगळ्या विदर्भात घेतले जाते. भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्द धरणातून निघणारा कालवा नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला ओलांडून सुमारे ४२६ किलोमीटरनंतर नळगंगेला येऊन मिळायचा आहे. खर्च ८७ हजार कोटी रुपयांच्या पुढे, आणि भिजणारे क्षेत्र पावणेचार लाख हेक्टरच्या जवळ. म्हणजे नाशिकहून रोहिणखेडपर्यंतची जी सायकलवाट, जवळजवळ तेवढ्याच लांबीचा कालवा पूर्वेकडून याच तालुक्यापर्यंत येणार. घाटाखालच्या माणसाने या बातमीने उमेद धरली तर त्यात काहीच चूक नाही.

पण वाघाडहून आलेल्या सायकलस्वाराला इथे काही प्रश्न पडलेच पाहिजेत. गोसीखुर्दचे भूमिपूजन १९८८ मध्ये झाले आणि तो प्रकल्प तीन दशकांनंतरही पूर्णत्वाला गेला नव्हता. सहा जिल्ह्यांतून येणाऱ्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला मोताळा असेल. टेलची गावे कशी तहानलेली राहतात, हे नाशिक जिल्ह्यातल्या पन्नास किलोमीटरच्या आतल्या कालव्यावर दिसले होते, आणि ते बदलले ते शेतकऱ्यांच्या संघटनेने. त्यामुळे इथल्या पाणीवापर संस्था कालवा यायच्या आधी उभ्या राहायला हव्यात. शिवाय सातशे मिलिमीटर पाऊस दरवर्षी याच शिवारात पडतो आहे. त्याची वाट पाहावी लागत नाही. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेने बुलढाणा जिल्ह्यात ‘सुजलाम् सुफलाम्’ मोहीम हाती घेतली, यंत्रे लावून तलावांतला गाळ काढला, शेतकऱ्यांनी तो आपल्या शेतांत नेऊन टाकला. महामार्गाच्या भरावासाठी तलाव-नाल्यांतली माती घ्यायची आणि त्या बदल्यात खोलीकरण होऊ द्यायचे, ही पद्धत तर ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून देशभर गाजली. ही कामे खरी आहेत आणि उपयोगाची आहेत. कडवंचीच्या तुलनेत त्यांत उणे आहे ते सातत्य : माथ्यापासून पायथ्यापर्यंत एका गावाचा संपूर्ण पाणलोट, सलग अनेक वर्षे. घाटाच्या पायथ्याशी असलेल्या रोहिणखेडसारख्या गावासाठी याहून योग्य उपाय शोधायची गरज नाही. डोंगर डोक्यावर आहे, उतार आहे, आणि पाणी खाली पळून जाते आहे.

बागा पावसाच्या आकड्यावर नव्हे, खेळवलेल्या पाण्यावर उभ्या राहतात, हे जगात इतरत्रही दिसते. अर्जेंटिनातले मेंदोसा हे जगातले एक मोठे वाइनचे केंद्र. तिथे वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो. अँडीज पर्वताचे वितळलेले बर्फ पाटांनी शहरात आणि बागांत खेळवले जाते, आणि ते पाट खोदण्याची परंपरा स्पॅनिश लोक येण्याआधीची, तिथल्या मूळ रहिवाशांची आहे. मेंदोसाशेजारच्या मायपू गावात पर्यटक भाड्याने सायकली घेऊन वायनरी हिंडतात. इटलीत तर सायकलने रस्तेच वाचवले. चिआंती या वाइनच्या मुलखात गायोले गावाहून १९९७ मध्ये जुन्या सायकलींची ‘एरोइका’ ही फेरी सुरू झाली, ती डांबर न पडलेले पांढऱ्या मातीचे शेतरस्ते टिकावेत म्हणून. आज जगभरातून लोक तिथे येतात आणि गावांना त्यातून उत्पन्न मिळते.

आपल्याकडे असे रस्ते गावोगावी आहेत : पाणंदी. राज्य सरकारची शेत-पाणंद रस्त्यांची योजनाही आहे. मुख्य रस्ते रुंद होत आहेत, समृद्धी महामार्गावर तर सायकलला प्रवेशच नाही. अशा वेळी पाणंदी जोडत जाणारी, मैलाच्या दगडांवर खुणा असलेली, गावातल्या शाळेत किंवा एखाद्या शेतकऱ्याच्या घरी मुक्कामाची सोय असलेली सायकलवाट नाशिक ते बुलढाणा आखणे अवघड नाही. वाइन पर्यटनाचा पैसा आज नाशिक शहराच्या वीस-पंचवीस किलोमीटरच्या परिघातच फिरतो. त्यातला थोडा घाटाखाली पोचायला ही वाट उपयोगी पडेल. पर्यटन विभागाने आणि दोन्हीकडच्या सायकल मंडळांनी हे मनावर घ्यावे.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. गिअरची, जाड टायरची सायकल बरी. बाभळीच्या काट्यांसाठी दोन जादा ट्यूब आणि पंक्चरचे सामान हवेच. वैजापूर ते सिल्लोड या टप्प्यात पाण्याच्या तीन बाटल्या भरून ठेवाव्यात. बुलढाण्याकडून घाट उतरताना ब्रेक आधी तपासावेत आणि अंधार पडायच्या आत खाली पोचावे. घाटाखाली थंडीत भरताची वांगी येतात. कळण्याची भाकरी आणि भरीत कोणी आग्रहाने वाढले तर नाही म्हणू नये. शेतात शिरण्यापूर्वी विचारावे. द्राक्षबागेत तर नक्कीच, कारण फवारणी झालेली असू शकते. जानेवारीचा दुसरा पंधरवडा सर्वांत चांगला. तेव्हा दिंडोरीत वाइनच्या द्राक्षांची काढणी सुरू असते, नांदूर-मधमेश्वरला पक्षी असतात, आणि रोहिणखेडच्या शिवारात हरभरा घाट्यावर आलेला असतो, ज्यांच्या वावरात ओल टिकली त्यांचा.